शिकायला बसलेल्या बाईची मजुरी कोण देणार?

शहरातल्या कोणत्याही वस्तीत जा. महिला दिन असो, एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस असो, नाहीतर महापालिकेची निवडणूक तोंडावर आलेली असो. मंडप पडतो, फ्लेक्स लागतो आणि त्यावर ठरलेला मजकूर असतो : महिलांसाठी मोफत शिवणकाम, ब्युटी पार्लर व मेहंदी प्रशिक्षण. शाल-श्रीफळ होते, पाच-दहा भगिनींना शिलाई मशीन दिले जाते, फोटो निघतो आणि दुसऱ्या दिवशी छापूनही येतो. महापालिकांच्या महिला व बालकल्याण निधीतूनही वर्षानुवर्षे शिलाई मशीन, घरघंटी आणि मसाला कांडप यंत्र याच वस्तू फिरून फिरून वाटल्या जातात. हे सारे इतकी वर्षे चालू असताना त्याच वस्तीतली बाई आजही चार घरची धुणी-भांडी का करते आहे, पहाटे कचराकुंडीवर का उभी आहे, सफाईच्या कंत्राटदाराकडे थकलेल्या पगारासाठी खेटे का घालते आहे, हा प्रश्न त्या व्यासपीठावरून कुणी विचारत नाही. आपण तो विचारला पाहिजे. कारण ही बाई फार मोठ्या संख्येने आपल्या समाजाची आहे.

२०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईच्या दर दहा माणसांपैकी चार माणसे झोपडपट्टीत राहत असल्याचे नोंदले गेले. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून, सातारा-सोलापूरकडून जगायला आलेली आपली माणसे गोवंडी, चेंबूर, घाटकोपर, विक्रोळी येथे डोंगरउतारावर, नाल्याकाठी, खाडी बुजवून वसली. आजी बिगारी म्हणून डोक्यावर घमेले वाहत होती, आईने घरकाम केले, नात नववीत शाळा सुटल्यावर मॉलमध्ये हाऊसकीपिंगला लागली. तीन पिढ्यांत गणवेश आला, ओळखपत्र गळ्यात आले, पण हातातला झाडू तोच राहिला. याचे कारण 'आपल्या बायांना शिकायचे नसते' असे सांगणारे विद्वान आपल्यातही आहेत. त्यांनी एकदा साधा हिशेब करून पाहावा.

समजा, एक बाई चार घरी काम करते. एका घराचे महिना दीड हजार धरले तर तिची कमाई सहा हजार. प्रशिक्षणाचा वर्ग सकाळी अकरा ते दुपारी दोन असेल तर तिला दोन घरे सोडावी लागतात. तीन महिन्यांच्या वर्गात तिचे नऊ हजार रुपये बुडाले. शिवाय सोडलेले घर परत मिळत नाही, तिथे दुसरी बाई लागलेली असते. म्हणजे फ्लेक्सवर 'मोफत' लिहिलेले प्रशिक्षण या बाईला नऊ हजारांना आणि दोन घरांना पडले. अंगणवाडी सुटल्यावर लहान मूल कुठे ठेवायचे, हा खर्च यात धरलेलाच नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणारी स्त्री दिवसाला सरासरी २९९ मिनिटे विनामोबदला घरकामात घालवते, असे दिसले. पुरुषाची मिनिटे ९७. पाच तास स्वतःच्या घरात, सहा तास दुसऱ्यांच्या घरांत, पाण्याच्या रांगेत आणखी एक तास. या बाईने कौशल्य विकास कोणत्या तासाला करायचा?

म्हणूनच या मोफत वर्गांत येते कोण ते पाहा. जिच्या घरात नवऱ्याचा महिन्याचा बांधलेला पगार आहे आणि जिची दुपार मोकळी आहे, ती येते. तिनेही शिकावे, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु जिच्या नावाने योजना मंजूर होते ती विधवा, ती टाकलेली बाई, दारुड्याची बायको, ती पहिल्या आठवड्यानंतर दिसत नाही. हजेरीपटावर मात्र तिचे नाव शेवटपर्यंत राहते.

आता शासनाला हे कळत नाही असे म्हणावे तर तसेही नाही. शिकणाऱ्याला पोटाला दिल्याशिवाय तो शिकू शकत नाही, हे तत्त्व शासनाने आपल्याच कायद्यांत आणि योजनांत अनेकदा मान्य केले आहे. फक्त ते कुणाला लावायचे आणि कुणाला नाही, यात खरी मेख आहे.

हाताने मैला उचलण्यास बंदी घालणारा २०१३ चा कायदा घ्या. त्याच्या कलम १३ मध्ये पुनर्वसनाची तरतूद आहे. त्यात म्हटले आहे की, अशा व्यक्तीला किंवा तिच्या कुटुंबातील निदान एका प्रौढ सदस्याला उपजीविकेच्या कौशल्याचे प्रशिक्षण द्यावे आणि प्रशिक्षणाच्या काळात दरमहा किमान ३००० रुपये विद्यावेतन द्यावे. पिढीजात कामातून बाहेर पडायचे असेल तर मधल्या काळात चूल पेटती राहिली पाहिजे, हे संसदेने मान्य केल्याचा हा पुरावा आहे.

राज्य शासनाने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. त्यात कामाच्या ठिकाणी शिकणाऱ्या बारावी उत्तीर्ण उमेदवाराला दरमहा ६०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८००० आणि पदवीधराला १०००० रुपये ठरले. चांगली गोष्ट आहे. पण दाराशीच बारावीची पाटी लावलेली आहे. आठवीत शाळा सुटलेली, आज तिशीत असलेली आमची भगिनी त्या दारातून आत कशी जाणार? बारावी शिकलेल्याला शिकताना भूक लागते आणि आठवी शिकलेलीला लागत नाही, असे काही शास्त्र आहे काय?

आणि तिसरे उदाहरण तर चळवळीच्या वाचकांनी नीट वाचावे. केंद्र शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्यात १८ व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुंभार, सोनार, चांभार, न्हावी, धोबी, शिंपी, माळा गुंफणारे, टोपल्या-चटया-झाडू विणणारे, अशी ती यादी आहे. अट अशी की, व्यवसाय कुटुंबात परंपरेने चालत आलेला असावा. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५००० रुपयांपर्यंत मदत. पिढ्यानपिढ्या राबलेल्या कारागिराच्या हातात चार पैसे पडत असतील तर ते पडू द्यावेत. त्याच्या ताटातले काढून घ्या, असे आम्ही म्हणणार नाही. पण या व्यवस्थेचा अर्थ काय होतो? झाडू बांधणाऱ्या बाईने आणखी चांगला झाडू बांधायला शिकायचे ठरवले तर शासन तिला रोज पाचशे रुपये देते. तिने झाडू खाली ठेवून वायरमन व्हायचे ठरवले तर कौशल्य विकासाच्या छोट्या अभ्यासक्रमांत फार तर प्रवासखर्चापुरते काहीतरी मिळते, बुडालेली मजुरी मिळत नाही. राज्यातल्या आयटीआयमध्ये तर वर्षानुवर्षे महिना ४० रुपये विद्यावेतन होते, ते २०२३ साली ५०० रुपये करण्यात आले. बापाच्या धंद्यात राहा, दिवसाला पाचशे. बापाचा धंदा सोडा, महिन्याला पाचशे. मनुस्मृती आम्ही १९२७ साली महाडला जाळली; तिची आर्थिक बाजू अशी शासननिर्णयातून परत येत असेल तर ती ओळखता आली पाहिजे.

वकील म्हणून सांगतो, संविधानाच्या अनुच्छेद १४ प्रमाणे शासनाला वर्गीकरण करता येते, पण त्या वर्गीकरणाचा योजनेच्या उद्दिष्टाशी तर्कसंगत संबंध असावा लागतो. गरिबाला कौशल्य देऊन त्याचे उत्पन्न वाढवणे हे उद्दिष्ट असेल, तर सर्वांत गरीब, सर्वांत कमी शिकलेल्या आणि जातीच्या कामातून बाहेर पडू पाहणाऱ्या स्त्रीलाच विद्यावेतनातून वगळण्याचा त्या उद्दिष्टाशी कोणता संबंध जोडता येईल? अनुच्छेद १५ (३) स्त्रियांसाठी खास तरतूद करायला परवानगी देतो, अनुच्छेद ४६ अनुसूचित जातींच्या आर्थिक हिताची विशेष काळजी घ्यायला सांगतो. मार्ग मोकळा आहे, शासनाला फक्त त्यावरून चालायचे आहे.

कौशल्याच्या आड जात कशी उभी राहते, हे आपल्याला कुणी पुस्तकातून शिकवण्याची गरज नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत आपले वाडवडील होते. साचे खात्यात त्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धागा सवर्ण विणकराला चालत नसे. विणकाम हे गिरणीतले जास्त मजुरीचे काम. म्हणजे अस्पृश्याला विणता येत नव्हते असे नाही, त्याला ते शिकूच दिले जात नव्हते, आणि शिकू दिले नाही म्हणून तो कमी पगाराच्या खात्यात राहिला. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. पुढे ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्यांच्या तांत्रिक प्रशिक्षणाची मागणी केली, ती सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये उमेदवारी देण्याची. टोपल्या विणण्याचा वर्ग काढा असे त्यांनी म्हटले नाही. जिथे यंत्र आहे, कायम नोकरी आहे आणि जिथे जातीने आजवर शिरू दिले नाही, तिथे शिकायला पाठवा, ही ती दृष्टी होती.

त्याच वर्षी, २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. तिथे जमलेल्या हजारो स्त्रियांनी गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेत काम करणाऱ्या स्त्रियांना रजा, अपघाताची भरपाई आणि निवृत्तिवेतन मिळावे, असे ठराव केले. स्वतःकडे कामगार म्हणून पाहणाऱ्या त्या स्त्रिया होत्या. आज आपल्याच नातींना 'लाभार्थी' म्हणून रांगेत उभे केले जाते, तेव्हा हा फरक टोचतो.

शिवणकामाला कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. चांगले कटिंग येणारी, ब्लाऊजचा गळा अचूक बसवणारी बाई कारागीरच आहे. पण एका गल्लीत वीस बायांना एकाच वर्षी शिवण शिकवले तर शिवून घ्यायला गिऱ्हाईक कुठून आणणार? मग त्या कारखान्याचा माल घरी आणतात. नगावर पैसे, तेही ठेकेदार ठरवील तेवढे. वीजबिल तिचे, मशीनची दुरुस्ती तिची, जागा तिची, नग नापास झाला तर तोटा तिचा. काही ठिकाणी तर 'शिकाऊ' म्हणून घ्यायचे, सहा-सहा महिने धागे कापायला आणि काज-बटण करायला बसवायचे आणि शिकवतो आहोत म्हणून पैसे द्यायचे नाहीत, असा धंदा चालतो. याला प्रशिक्षण म्हणत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली एशियाड बांधकाम मजुरांच्या खटल्यात किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत राबवून घेणे म्हणजे अनुच्छेद २३ खालील सक्तीचे श्रम होय, असा निर्वाळा दिला आहे. शिकाऊ या शब्दाचे पांघरूण घातल्याने फुकट राबवणे कायदेशीर होत नाही.

ब्युटी पार्लरचेही तसेच. वस्तीत पार्लर किती चालतील? आणि बाहेरच्या मोठ्या पार्लरमध्ये आपल्या मुलीला घेताना भाषा, राहणी, आडनाव हे सारे पाहिले जातेच. शिकवण्याचा विषय कोण ठरवते, ते बघा. सल्लागार संस्था ठरवते, नगरसेवकाचा माणूस ठरवतो, बाईला कुणी विचारत नाही. बाईचे काम घरातलेच, किंवा घरातल्यासारखेच असावे, हे आधी ठरलेले असते. वायरमन, प्लंबर, एसी व लिफ्टची दुरुस्ती, सोलर पॅनेल बसवणे, हलके आणि जड वाहन चालवणे, रुग्णालयातले तंत्रसहाय्यक, पाण्याच्या मीटरची दुरुस्ती. शहर ज्या कामांवर चालते ती ही कामे. यांना मागणी आहे, मजुरी आहे. बाईला कोण बोलावणार, हा त्यावर ठरलेला आक्षेप. घरी बाई एकटी असताना अनोळखी पुरुष प्लंबरपेक्षा बाई प्लंबर आलेली कुणाला नको असेल? एकेकाळी बसमध्ये बाई कंडक्टर कशी चालेल, असेही लोक विचारत होते.

कौशल्य म्हणजे काय आणि ते कुणाकडे आहे, हाही वादाचा मुद्दा केला पाहिजे. किमान वेतनाच्या कागदावर कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशा पायऱ्या असतात आणि सफाईचे काम सर्वांत खालच्या पायरीवर ढकललेले असते. कचरा वेचणारी बाई प्लास्टिकचा तुकडा बोटाने चुरगाळून, आवाज ऐकून तो कडक आहे की नरम, दुधाच्या पिशवीचा आहे की बाटलीचा, हे सांगते. पुठ्ठा, पांढरा कागद, रद्दी, पत्रा, तांबे, प्रत्येकाचा भाव तिला तोंडपाठ असतो. हेच ज्ञान पदवीधराने मिळवले तर त्याला पर्यावरण सल्लागार म्हणतात आणि वातानुकूलित खोलीत त्याचे भाषण ठेवतात.

हे ज्ञान मान्य करून त्यावर पुढचे शिक्षण उभारले तर काय होते, याची उदाहरणे महाराष्ट्रात आहेत. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातल्या बहुसंख्य सभासद दलित स्त्रिया. त्यांनी आधी संघटना केली, महापालिकेच्या मान्यतेची ओळखपत्रे मिळवली आणि पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था झाली; २००८ मध्ये तिचा पुणे महापालिकेशी करार झाला. उकिरडा उपसणारी बाई दारोदार जाऊन वर्गीकृत कचरा घेणारी सेवादाता झाली. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेच्या परिसर विकास कार्यक्रमात कचरावेचक स्त्रिया खतनिर्मिती शिकल्या, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या निसर्गऋण तंत्रावरचे बायोगॅस प्रकल्प चालवायला शिकल्या. अक्षरओळख नसलेली स्त्री तापमान, पाण्याचे प्रमाण, वायूचा दाब सांभाळू शकते, हे तिथे दिसले. दोन्ही ठिकाणी संघटना आधी होती, प्रशिक्षण नंतर आले आणि काम समोर दिसत होते. काम कुठे मिळणार हे ठाऊक नसताना दिलेले प्रमाणपत्र ट्रंकेत राहते. कंत्राट आणि नूतनीकरण यांची टांगती तलवार अशा संस्थांच्याही डोक्यावर असते, हे खरे. आणि कचऱ्याचे काम सुधारले म्हणून ते आपल्याच बायांनी का करावे, हा प्रश्न त्यामुळे संपत नाही. जिला राहायचे तिने मानाने राहावे, जिला बाहेर पडायचे तिला वाट असावी, आणि मुलीला तर ती हवीच.

वाट कुठून काढायची? एक वाट १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यातच आहे, पण तिच्यावरून आपण फारसे चाललो नाही. या कायद्याच्या कलम ३-अ मध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी शिकाऊ उमेदवारीच्या जागा राखीव ठेवण्याची तरतूद आहे. ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे आणि २०१९ च्या नियमदुरुस्तीत पाचवी ते नववी शिकलेल्या उमेदवारालाही दरमहा किमान ५००० रुपये विद्यावेतन ठरले. नोकरीतल्या आरक्षणासाठी आपण मोर्चे काढतो आणि ते काढलेच पाहिजेत. पण आपल्या शहरातल्या कारखान्यांत, वीज कंपनीत, परिवहन उपक्रमात, परळ-माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये दरवर्षी किती शिकाऊ उमेदवार घेतले, त्यात अनुसूचित जातीचे किती आणि स्त्रिया किती, हे आपल्या किती संघटनांनी विचारले? या ठिकाणी आपले कर्मचारी आहेत, त्यांच्या मागासवर्गीय संघटना आहेत, त्यांची कार्यालये आहेत. पदोन्नतीच्या निवेदनासोबत हे एक निवेदन द्यायला त्यांना अडचण नसावी.

अर्थात रेल्वे दहावी आणि आयटीआय मागते, वयाची अटही लावते. तिशीतल्या बाईला ती वाट बंद आहे. तिच्यासाठी नागरी उपजीविका मोहिमेसारख्या योजना होत्या. १९९७ ची सुवर्णजयंती शहरी रोजगार योजना, २०१३ पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान, जे सप्टेंबर २०२४ पर्यंत चालले. नावे बदलली, बोधचिन्हे बदलली, पण बुडालेल्या मजुरीचा प्रश्न एकाही योजनेने मध्यभागी ठेवला नाही. आता पुढे जी योजना येईल तिच्याकडे तीनच मागण्या ठामपणे ठेवल्या पाहिजेत : किमान वेतनाशी जोडलेले विद्यावेतन, वर्गाच्या आवारात पाळणाघर आणि बाईच्या सोयीची वेळ. पाळणाघराचे कायदे आजवर नोकरीतल्या स्त्रीचा विचार करतात. पन्नास कर्मचाऱ्यांची आस्थापना असेल तर पाळणाघर हवे, असे २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने सांगितले. प्रशिक्षणार्थी बाई मात्र कुणाचीच कर्मचारी नसते, म्हणून तिचे मूल कोणत्याच कायद्यात बसत नाही.

पैसा नाही, हे उत्तर आता कुणी देऊ नये. लाडकी बहीण योजनेने २०२४ पासून दाखवून दिले की, मनात आणले तर शासन महिन्याला दीड हजार रुपये लाखो स्त्रियांच्या खात्यात जमा करू शकते. ते पैसे आपल्या भगिनींच्याही हाती पडले, त्यांनी त्यातून मुलांच्या वह्या घेतल्या, औषधे आणली. आक्षेप त्यावर नाही. आक्षेप हा आहे की, २०२५ साली त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटींहून अधिक रुपये वळवले गेले आणि खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. अनुसूचित जाती घटकाचा निधी अनुसूचित जातींच्या विकासासाठीच खर्च व्हावा म्हणून आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ साली कायदे केले. महाराष्ट्रात या कायद्याची मागणी चळवळ वर्षानुवर्षे करते आहे. ४१० कोटींचा हिशेब करून पाहा : एका बाईला महिना सहा हजार याप्रमाणे सहा महिन्यांचे विद्यावेतन छत्तीस हजार होते. एवढ्या रकमेत एक लाख दहा हजारांहून अधिक स्त्रिया सहा महिने निर्धास्तपणे शिकू शकल्या असत्या.

शासनावर बोट ठेवताना आपल्या अंगणाकडेही पाहावे लागते. जवळजवळ प्रत्येक वस्तीत विहार आहे. लोकांनी वर्गणी काढून, अंगमेहनत करून ते बांधले. सकाळ-संध्याकाळची वंदना आणि रविवारचा कार्यक्रम सोडला तर अनेक विहारांना दिवसभर कुलूप असते. दुपारी तिथे पंधरा मुले सांभाळली गेली तर पंधरा आया शिकायला जाऊ शकतात. निवृत्त झालेल्या शिक्षिका, परिचारिका आपल्यात आहेत, त्यांना विचारून तर पाहा. संध्याकाळी तिथेच सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसणाऱ्या बायांचा वर्ग भरू शकतो. जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत जो खर्च होतो त्यात एका इलेक्ट्रिशियनचे अवजारांचे किट कितींदा येईल, याचा हिशेब मंडळाच्या खजिनदारांनी स्वतःच करावा. आणि बाई वर्गाला गेली तर संध्याकाळची भाकरी कोण थापणार, या प्रश्नाचे उत्तर घरातल्या कार्यकर्त्याने द्यायचे आहे. सभेत समतेवर तासभर बोलणाऱ्याला कणीक मळता येत नसेल तर तेही एक कौशल्य आहे, शिकता येते.

आपल्या तरुण वकिलांनाही यात काम आहे. प्रशिक्षणाच्या दारात बाई अडते ती पुष्कळदा कागदासाठी. अनुसूचित जातीच्या प्रमाणपत्राला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो आणि विवाहित स्त्रीचा तो माहेरचा लागतो. लग्न होऊन मुंबईला आलेल्या, माहेर परभणी-नांदेडच्या गावात असलेल्या, वडील वारलेल्या आणि भावाशी बोलणे नसलेल्या बाईने आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा गावचा कोतवाल बुकाचा उतारा कुठून आणायचा? झोपडपट्टी पुनर्वसनात घर मोडले की रेशनकार्डाचा पत्ताही हातचा जातो. वॉर्डात महिन्यातून एक रविवार चार वकील टेबल टाकून बसले, तर वर्षभरात शे-दोनशे बायांचे कागद उभे राहतील.

आणि लगेच करण्यासारखे काम म्हणजे माहितीचा अर्ज. महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे मागच्या पाच वर्षांचे पाच प्रश्न विचारावेत : महिला व बालकल्याण निधीतून प्रशिक्षणावर किती खर्च झाला, कोणत्या संस्थेला काम दिले, कोणते विषय शिकवले, प्रशिक्षण घेतलेल्या अनुसूचित जातीच्या स्त्रिया किती आणि त्यातल्या किती आज त्या कामातून कमावतात. शेवटच्या प्रश्नाला बहुधा 'माहिती उपलब्ध नाही' असे उत्तर येईल. तेच उत्तर घेऊन प्रथम अपील करावे आणि त्याच्या प्रती आपल्या भागातल्या लोकप्रतिनिधीला द्याव्यात. अर्जाला दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते. अर्जदार दारिद्र्यरेषेखालील असेल तर तेही माफ आहे, फक्त त्याचा पुरावा जोडावा.